मावळचे पाणी कोण मोजते?

पाइपाचा वीतभर तुकडा, त्यात बाटलीच्या टोपणाला पाती कापून बसवलेली चक्री, एका पात्यावर चिकटवलेला इवलासा लोहचुंबक आणि पाइपाच्या बाहेर तीन पायांची एक चिप. पाणी आले की चक्री फिरते, लोहचुंबक चिपसमोरून गेला की विजेचा एक ठोका पडतो आणि ठोके मोजले की पाणी मोजले जाते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, अटल टिंकरिंग लॅबमध्ये, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हल्ली हे उपकरण हटकून दिसते. परीक्षक साधारण दोन प्रश्न विचारतात. खर्च किती आला? आणि बाजारात हे दोन-तीनशे रुपयांना तयार मिळत असताना तुम्ही वेगळे काय केले?

दुसरा प्रश्न चुकीचा नाही. पण तो लोणावळा-मावळातल्या मुलांना विचारायचा असेल तर आधी थोडे मागे पाहावे लागते. या तालुक्यातले पाणी जितक्या काटेकोरपणे मोजले गेले, तितके महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मोजले गेले असेल. मोजणारा मात्र बहुतेक वेळा ते पाणी दुसरीकडे नेणारा होता.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. कामशेत, वडगाव, तळेगाव अशा टप्प्यांनी तो उतरत जातो. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ ही खोऱ्यांची नावेच नदी आणि डोंगर यांच्या हिशेबाने पडलेली. पाणी इथे दोन हजार वर्षांपूर्वीही महत्त्वाचे होते, याची साक्ष खडकात आहे. भाजे लेण्यातल्या एका पोढीवरचा, म्हणजे पाण्याच्या टाक्यावरचा, ब्राह्मी लेख ती कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने दान दिल्याचे सांगतो. बेडशाच्या टाक्यावर सामडिनिका या महारठिनीचे नाव आहे. दात्याचे नाव कोरले गेले, टाक्यात पाणी किती मावते हे कोणी कोरले नाही. गरजच नव्हती. टाके भरले की भरले.

पाण्याने वेळ मोजण्याची विद्या मात्र आपल्याकडे जुनी. बुडाला बारीक भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते चोवीस मिनिटांत बुडते, आणि लग्नाचा मुहूर्त अजूनही काही घरांत त्यावर धरतात. भोक केवढे ठेवले म्हणजे आत येणारे पाणी बरोबर एका घटकेत वाटी बुडवील, हे ज्या तांबटाने प्रथम हाताने घासून-तासून ठरवले, त्याने प्रवाहमापकाचे निम्मे काम केलेच होते. आणि पाटाच्या पाण्याच्या पाळ्या घटका-प्रहरांत वाटल्या जात, तेव्हा वेळेने पाणी मोजले जात होते. त्या हिशेबात एक फट होती. पाटाला जोर किती, हे कोणी विचारत नव्हते.

ती फट जगभर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी झालेल्या फ्रंटायनसने शहरातल्या नळजोडांचा हिशेब मांडला तो नळीच्या तोंडाच्या आकारावर. वेग धरला नाही, म्हणून आवक आणि वाटप यांचा मेळ बसेना. अनधिकृत नळजोड आणि पाणीचोरी यांवर त्याने पानेच्या पाने लिहिली. वेग मोजण्याच्या खटपटी खूप नंतरच्या. 1732 मध्ये पितोने सीन नदीत वाकडी काचनळी धरली, 1790 मध्ये वोल्टमनने फिरत्या पात्यांचा मापक बनवला. 1832 मध्ये फॅरडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून तारा सोडून टेम्सच्या वाहण्याने वीज निर्माण होते का ते पाहिले. त्याला हाती काही लागले नाही, पण त्याच तत्त्वावर आज मोठ्या जलवाहिन्यांवरचे विद्युतचुंबकीय मापक चालतात. मुलांच्या पाइपावरची चिप ज्या परिणामावर चालते तो एडविन हॉलने 1879 मध्ये शोधला. त्याच सुमारास इकडे खडकवासल्याचे धरण पुरे होत होते.

मावळात मोजमाप आले ते आगगाडीतून. 1863 मध्ये बोरघाटातली रेल्वे सुरू झाली आणि घाट चढून दमलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागू लागले. आज पावसाळी रविवारी ज्याच्या पायऱ्यांवर उभे राहायला जागा नसते, तो भुशी डॅम रेल्वेच्या या गरजेतून झाला. पण खरा हिशेब सुरू झाला टाटांच्या योजनेने. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून कोकणात सोडावा आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंगने जमशेटजींपुढे मांडली होती. जमशेटजी 1904 मध्ये गेले, कंपनी 1910 मध्ये उभी राहिली, 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला धरणाचा पायाभरणी समारंभ झाला आणि 1915 मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढे खाली पडले तर त्यात सुमारे पाच मेगावॅट शक्ती असते, यंत्रांची तूट धरून चार-साडेचार हाती येतात. म्हणजे इथे लिटराला भाव होता. ज्याला भाव असतो ते मोजले जाते. किती पाऊस पडतो, किती मुरतो, किती वाहतो, तलाव चार महिन्यांत किती भरतो आणि आठ महिने किती पुरवायचा, याचा जमाखर्च मांडल्याशिवाय मुंबईच्या भांडवलदाराने एक दगड रचू दिला नसता.

पुढे 1922 मध्ये भिवपुरी झाले, त्यासाठी आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण आले. 1927 मध्ये मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरले. मुळशीत पन्नासहून अधिक गावांचा प्रश्न होता आणि 1921 पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली तिथे झालेला सत्याग्रह धरणाविरुद्धचा जगातला बहुधा पहिला संघटित लढा. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. त्या सगळ्या वादात जमिनीची मोजणी झाली, मोबदल्याचे आकडे झाले. पाणी गावाचे किती आणि कंपनीचे किती, हा प्रश्न मात्र आकड्यांत कधी उतरलाच नाही. उतरवणार कोण? गावाकडे आकडा नव्हता.

पाणी घाट उतरून गेले ते गेले. खोपोलीचे पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हासमध्ये, भिऱ्याचे कुंडलिकेत. कोलाडला सकाळी राफ्टिंग करणारे पर्यटक मुळशीचे पाणी सुटण्याची वाट पाहतात, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. पूर्वेकडे वाहू पाहणारे पाणी पश्चिमेला वळवले म्हणजे ते भीमेत, पर्यायाने कृष्णेत, येत नाही. म्हणून हा विषय आंतरराज्यीय लवादापुढे गेला. बच्छावत लवादाने या टाटा योजनांना कृष्णा खोऱ्याबाहेर नेता येणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातली: एका वर्षात जास्तीत जास्त 54.5 टीएमसी आणि कोणत्याही सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,832 कोटी लिटर. सोलापूरच्या उन्हाळ्यात दरवर्षी ‘टाटांचे पाणी परत वळवा’ ही मागणी उठते तेव्हा या आकड्यांवर खल होतो. सरकार, कंपनी, लवाद आणि खालचे जिल्हे या सगळ्यांचा त्यात संबंध. ज्या डोंगरावरून ते ओघळते तिथल्या माणसाला या हिशेबात रकाना नाही.

पुणे जिल्ह्याचे भाग्य असे की मोजण्याचे शास्त्रही इथेच वाढले. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचन खात्याने सुरू केलेल्या छोट्या विभागातून खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा उभी राहिली. क्लॉड इंग्लिस यांच्या काळात कालव्याच्या पात्राला नेमका गळा देऊन प्रवाह मोजायच्या स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमवर तिथे महत्त्वाचे काम झाले. कालव्याच्या तोंडाशी, शाखांवर, चाऱ्यांवर हे गळे बसले. शेतकऱ्याने ते रोज पाहिले, त्यांच्या भिंतीवरच्या पट्ट्या पाहिल्या. वाचल्या मात्र पाटकऱ्याने. 2005 मध्ये कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याचे ठरले तेव्हा कुठे पट्टी वाचणे हे लाभधारकाचेही काम झाले, तेही जिथे संस्था जिवंत आहे तिथे.

ही सगळी पार्श्वभूमी ध्यानात घेतली की बाटलीच्या टोपणाची चक्री वेगळी दिसू लागते.

ती अचूक नसते, हे आधीच मान्य करू. बाजारातला तयार सेन्सर लिटरमागे साधारण साडेचारशे ठोके देतो, असे त्याच्या कागदावर लिहिलेले असते. मुलांच्या चक्रीचे ठोके किती हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून त्यांना वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन बसावे लागते: बादली भरली, ठोके मोजले, पुन्हा भरली, पुन्हा मोजले, तोटी थोडी बंद करून पुन्हा. आकडे जुळत नाहीत. मंद धारेला लिटरमागे ठोके कमी पडतात, जोराच्या धारेला जास्त. कारण चक्रीच्या आसाला घर्षण आहे, आणि धार एका मर्यादेखाली गेली की पाणी पात्यांच्या बाजूने निसटते, चक्री हलतच नाही. बादली भरत राहते आणि पडद्यावर शून्य असते.

हे शून्य फार महत्त्वाचे आहे. तयार सेन्सरही मिनिटाला साधारण एक लिटरच्या खाली भरवशाचा नसतो. आता एखाद्या वाडीतली सार्वजनिक तोटी मिनिटाला अर्धा लिटर गळते आहे असे समजा. दिवसाला 720 लिटर झाले. जल जीवन मिशनचे माणशी माप रोजचे 55 लिटर. तेरा माणसांचे पाणी मापकाच्या नजरेआड वाहून गेले आणि वहीत गळती शून्य. मिनिटाला अर्धा लिटर ही धार करंगळीएवढीही नसते. ज्याने हा सेन्सर बादलीशी ताडून पाहिला आहे, तो पडद्यावरच्या शून्याला शून्य समजत नाही. ज्याने विकत आणून बसवला, तो समजतो.

दुसरी गंमत हवेची. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. दिवसातून तासभर पाणी सुटते, मग पाइप रिकामा. पाणी सुटले की आधी कोंडलेली हवा जोराने येते आणि चक्री पाण्यापेक्षा वेगाने गरगरते. मीटर हवेवर पळतो ही शहरांतल्या ग्राहकांची जुनी तक्रार, आणि ती ऐकून कर्मचारी सहसा हसतात. मुलांच्या उपकरणावर हे उघड दिसते: पहिल्या काही सेकंदांत ठोक्यांचा पाऊस आणि बादलीत थेंब नाही. गंजलेल्या लोखंडी पाइपातला कीस लोहचुंबकाला चिकटून चक्री अडते, पावसाळ्यात मावळची तांबडी माती आसात बसते. प्रत्येक बिघाड म्हणजे पाणीपुरवठ्याचा एक धडा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात नाही.

अशा शिक्षणाचा नमुना शोधायला फार लांब जायला नको. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधन सोडून 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. जमिनीत विद्युतप्रवाह सोडून तिचा विरोध मोजायचा आणि त्यावरून खाली पाणी असण्याचा अंदाज बांधायचा, या कामाचे स्वस्तातले यंत्र आश्रमात तयार झाले. शाळा सुटलेली मुले ते घेऊन शेतकऱ्यांच्या रानात जाऊ लागली. खिळे ठोकायचे, आकडे घ्यायचे, आलेख काढायचा, आणि बोअर कुठे घ्यावे हे सांगायचे. शेतकरी त्याचे पैसे देत. मुलांचा अंदाज चुकला तर तो गावातच चुकला, आणि गावच विचारणार. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब काढल्या त्यांत पाबळची होती, याचे कौतुक खूप झाले. मला स्वतःला त्या प्रयोगशाळेपेक्षा रानातल्या खिळ्यांचे मोल अधिक वाटते.

मावळातही स्वतः जुळवून करून पाहण्याची परंपरा अगदीच नाही असे नाही. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये तळेगावला निघाला. जपानमध्ये शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे तंत्र सांभाळत, आणि तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काचभट्ट्यांवर गेले. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय त्याच गावातले, आणि सरकारने ते बंद पाडले. लोणावळ्यात 1924 मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली करताना शरीराच्या आत दाब किती उतरतो हे दाबमापी लावून पाहिले. योगाच्या भक्तांना तेव्हा ते रुचले असेल का, शंका आहे. 1945 पासून आयएनएस शिवाजीवर नौदलाचे इंजिनिअर घडतात. मोजण्याचे सामान आणि मोजणारी माणसे या घाटमाथ्यावर कधीच कमी नव्हती. ओढ्यांकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे पवनेच्या काठाने पाहिले. पवना धरण 1972 चे, क्षमता साडेआठ टीएमसीच्या घरात. पिंपरी-चिंचवड महापालिका नदीतून आलेले पाणी रावेतला उचलते. ते थेट धरणातून बंद जलवाहिनीने न्यायचे ठरले आणि मावळ पेटला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. त्यांत एक महिला होती. महापालिकेचे म्हणणे असे की नदीतून येताना पाणी वाया जाते आणि दूषित होते. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की नदी कोरडी पडली तर काठच्या विहिरी आणि उपसा पंप संपले. दोन्ही म्हणणी मोजता येण्यासारखी होती: धरणातून सुटले किती, रावेतला पोहोचले किती, मधल्या विहिरींची पातळी पाणी सुटण्यापूर्वी कुठे आणि नंतर कुठे. मोजले असते तर गोळीबार टळला असता असा भाबडा दावा करता येणार नाही. जमीन, मोबदला आणि विश्वास यांचा तो प्रश्न होता. पण काठावरच्या वीस गावांकडे स्वतःच्या विहिरींच्या दहा वर्षांच्या नोंदी असत्या, तर चर्चेच्या टेबलावर त्यांना केवळ ‘भावना’ असलेला पक्ष म्हणून बसावे लागले नसते.

म्हणून शाळांच्या प्रकल्पांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांची उपकरणे कच्ची असतात ही नव्हे, ती प्रदर्शन संपले की कपाटात जातात ही. टाटांच्या योजनेचे बळ यंत्रांइतकेच वर्षानुवर्षांच्या नोंदवहीत होते. हिवरे बाजार हे गाव दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते, त्यासाठी लागणारे पर्जन्यमापक काही जगावेगळे नाही. एका दिवसाचे अचूक मोजमाप दहा वर्षांच्या ओबडधोबड नोंदीपुढे फारसे उपयोगाचे नाही, मात्र ओबडधोबडपणा दहाही वर्षे तसाच राहिला पाहिजे.

आणि ओढ्यासाठी चक्रीही नको. पत्र्याला नव्वद अंशांची व्ही आकाराची खाच कापून तो ओढ्यात आडवा, मातीने पक्का बसवला की खाचेतून जाणाऱ्या पाण्याच्या खोलीवरून प्रवाह कळतो. खोली 10 सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, पाच असेल तर जेमतेम पाऊण लिटर. खोली दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून वाढते, हे मुलांना पहिल्यांदा खरे वाटत नाही. पट्टी खाचेतच धरली तर चूक होते, कारण तिथे पाण्याचा पृष्ठभाग आधीच खाली वाकलेला असतो, म्हणून ती थोडी मागे, संथ पाण्यात रोवायची. मग त्यावर आवाजाच्या लाटेने पातळी मोजणारा सेन्सर लावायचा असेल तर लावावा. त्याची तीन मिलिमीटरची चूक 10 सेंटीमीटरच्या धारेत साडेसात टक्क्यांची होते, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. 30 जून 2024 रोजी भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर धोक्याची सूचना देणारे स्वस्त सेन्सर बसवण्याच्या कल्पना पुष्कळ निघाल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चक्रीवर माणसाचा जीव टांगू नये. ते काम पैसे, देखभाल आणि जबाबदारी घेणाऱ्या यंत्रणेचे आहे, आणि मुलांच्या उत्साहाच्या आड तिने लपू नये.

जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज जाहीर करतो. तसाच धरणातून नदीत आणि घाटाखाली सोडलेल्या पाण्याचा रोजचा आकडा मावळच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे, म्हणजे मुलांच्या वहीला ताडून पाहायला काही राहील. शाळांपुढची अडचण याहून साधी आहे. घाटमाथ्याचे ओढे पावसाळ्यात सगळेच सारखे दिसतात. कोणता झरा डिसेंबरपर्यंत टिकतो आणि कोणता मार्चपर्यंत, याचा निकाल पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या सुमारास लागू लागतो. शाळा तेव्हा बंद असते. सुट्टीत पट्टी वाचायला कोण जाणार आणि वही कोणाच्या घरी राहणार, हे जूनमध्ये खाच बसवतानाच ठरवून घ्यावे लागेल.